डब्यातला रुपया : दुर्मीळ नाणं ओळखायचं कसं?

आजचा विषय श्रोत्यांच्या आग्रहावरून घेतला आहे. नाण्यांचं नाव काढलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आमच्याकडे जुनं नाणं आहे, त्याचे किती येतील?" प्रश्नात गैर काही नाही. पण त्याला उत्तर द्यायचं तर आधी विचारावं लागतं, की तुमच्या हातात आहे ते नाणं नेमकं कोणतं? आजचा सगळा वेळ आपण या दुसऱ्या प्रश्नावर घालवणार आहोत. पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटातच आहे.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं की नुकसान दोन बाजूंनी होतं. एका बाजूला, आजोबांच्या ट्रंकेतले रुपये सराफाकडे नेऊन चांदीच्या भावाने मोडीत काढले जातात. त्यात एखादा दुर्मीळ रुपया असला तर तोही बाकीच्यांबरोबर मुशीत जातो, आणि वितळलेलं नाणं काही परत येत नाही. दुसऱ्या बाजूला मोबाइलवर जाहिरात दिसते, "वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या." फोन केला की पलीकडचा माणूस आधी नोंदणी शुल्क मागतो, मग कर, मग कमिशन. पैसे जातात आणि नाणं घरातच राहतं. हे प्रकार इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढावं लागलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही, असं कोणतंही शुल्क किंवा कमिशन आम्ही घेत नाही आणि कोणाला घ्यायचा अधिकारही दिलेला नाही, असं बँकेने त्यात स्पष्ट म्हटलं. वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली काढलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी ही चलनी नाणी आहेत. पाचाचं नाणं पाच रुपयांनाच चालतं.

म्हणून सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला ठेवू. जुनं म्हणजे दुर्मीळ, असं नाही.

नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. एकूण १३,२५० नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, म्हणजे जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीची. इतकी जुनी, आणि तरी एका ठिकाणी तेरा हजार! आता गंमत पाहा. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नहपानाचा चेहरा खाली, त्यावर सातवाहनांची चिन्हं. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. रेव्हरंड स्कॉट यांनी त्या साठ्याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला म्हणून आज आपण हे सांगू शकतो. एकेक नाणं घेतलं तर त्यात फार दुर्मीळ असं काही नव्हतं, पण साठा एकत्र होता आणि कोणीतरी तो नीट पाहिला, म्हणून त्याचं मोल झालं. आजही सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची लहान नाणी संग्राहकांना फारसा खर्च न करता मिळतात. याउलट १९३९ सालचा पंचम नव्हे, सहाव्या जॉर्जचा रुपया. वय शंभरसुद्धा नाही, पण भल्याभल्या संग्रहांत त्याची जागा रिकामी असते. त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

नाण्याची किंमत साधारण चार गोष्टींवर ठरते. किती शिल्लक आहेत, किती जणांना हवं आहे, झीज किती झाली आहे, आणि खरं आहे का. चौथी गोष्ट नसली तर पहिल्या तिन्ही शून्य, म्हणून तपासायला सुरुवात तिथूनच करायची.

आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त सापडतो तो चांदीचा रुपया. राणीछाप, राजाछाप. लक्ष्मीपूजनाला ताटात मांडलेला, नाहीतर जुन्या कपाटात बटव्यात बांधलेला. आपण उदाहरण त्याचंच घेऊ, कारण इथली पद्धत कळली की बाकी नाण्यांना तीच लावता येते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच एक तोळा. जुन्या बायका "रुपयाभार मिरे घाल" म्हणायच्या ते यामुळेच, रुपया हे घरातलं वजनही होतं. चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे ९१.७ टक्के. हे प्रमाण चौथ्या विल्यमपासून सहाव्या जॉर्जच्या १९३९ पर्यंत बदललं नाही. त्यामुळे पहिली चाचणी आपोआप मिळते : वजन. शंभर ग्रॅमपर्यंतचा, दोन दशांश दाखवणारा छोटा काटा हल्ली स्वस्तात मिळतो. चांगल्या स्थितीतला रुपया ११.६ च्या आसपास भरायला हवा. फार वापरलेला ११.३, ११.४ भरेल. पण नाणं कोरंकरकरीत दिसतंय आणि वजन मात्र १०.८ आहे, तर तिथेच थांबायचं. झीज नसताना वजन कमी होत नाही.

वजन जुळलं तरी धातू वेगळा असू शकतो. त्यासाठी पाण्याची चाचणी आहे, आणि ती घरात करता येते. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळाली. जुन्या चांदीच्या रुपयाला काटा १.१३ च्या जवळपास दाखवतो, म्हणजे घनता १०.३. जर्मन सिल्व्हर नावाच्या मिश्रणात चांदी अजिबात नसते, त्याचा तेवढ्याच वजनाचा नकली रुपया १.३५ च्या आसपास दाखवेल. फरक लहान वाटतो, पण काट्यावर तो स्वच्छ दिसतो. नंतर नाणं मऊ कापडाने टिपून घ्या. टिपायचं, घासायचं नाही.

लोहचुंबकाबद्दल एक इशारा. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण म्हणून चिकटलं की खोटं असं सगळीकडे धरू नका. १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा आहे. तो चिकटतो, आणि चिकटायलाच हवा. आधी नाणं कोणत्या धातूचं असायला हवं ते माहीत पाहिजे, मग चुंबक.

पूर्वीचे पारखी नाणं दगडावर वाजवून घेत. "माणूस खणखणीत नाणं आहे" हा आपला वाक्प्रचार तिथलाच. चांदीचा नाद लांबतो, शिशाचा बद्द येतो. पण चांगल्या नाण्याला आपटून कडेला खोक पाडण्यापेक्षा काटा आणि पाणी बरं. सराफाने कानस लावून बघू म्हटलं तर नाण्यावर हात ठेवा आणि नाही म्हणा.

यानंतर भिंग. दहापट मोठं दाखवणारं पुरे. खरं नाणं ठशांमध्ये दाबून पाडलेलं असतं, बहुतेक नकली नाणी साच्यात ओतलेली. ओतलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत दिसतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे किंवा फोड असतात, आणि कडेवर कधी कधी साच्याच्या दोन अर्धांची शिवण सापडते, नाहीतर ती घासून काढल्याच्या खुणा. आणखी एक युक्ती आम्हाला फार उपयोगी वाटते. विक्रेत्याकडे एकाच सालाची तीन-चार नाणी असतील तर ती शेजारी ठेवा. चारही नाण्यांवर गालाच्या त्याच जागी तोच ओरखडा असेल, तर चारही एकाच मूळ नाण्याची मुलं आहेत. वापरातले ओरखडे कधी जुळे नसतात.

खरेपणा पटला की मग साल. आणि इथे राणीछाप रुपया थोडा फसवतो.

व्हिक्टोरियाच्या पहिल्या रुपयांवर १८४० साल आहे. पण ते साल १८४० मध्येच थांबलं. ठशावर तेच साल ठेवून १८६२ पर्यंत रुपये पाडले गेले. मग आधीचे आणि नंतरचे ओळखायचे कसे? डोक्यावरच्या अक्षरांकडे बघा. 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरून सलग गेली असतील तर तो आधीचा प्रकार. दोन शब्द डोक्याच्या दोन बाजूंना विभागलेले असतील तर नंतरचा. मानेच्या कापावर 'डब्ल्यू डब्ल्यू' ही अक्षरं दिसतात, ती ठसा कोरणाऱ्या विल्यम वायन यांची आद्याक्षरं. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आल्यावर १८६२ चा मुकुटधारी रुपया निघाला, आणि पुन्हा तीच गोष्ट. १८६२ साल तसंच ठेवून १८७४ पर्यंत रुपये पडत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने मात्र मागच्या बाजूला सालाच्या आसपास बारीक ठिपके टाकायला सुरुवात केली. ठिपके किती आणि कुठे, यावरून तो रुपया खरा कोणत्या वर्षाचा हे कळतं. म्हणजे दहा जणांकडे '१८६२ चा रुपया' असतो, पण त्या दहांत ठिपक्यांचे पाच प्रकार असू शकतात. काही जोड्या सर्रास मिळतात, काहींसाठी संग्राहक वर्षानुवर्षं शोधत असतात. सराफाच्या तराजूत मात्र या सगळ्यांचं वजन एकच. तुमच्या घरी १८६२ चे रुपये असतील तर मोडीत देण्याआधी भिंग लावून ठिपके मोजाच.

१ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात राणीची सम्राज्ञी झाली आणि रुपयावर 'क्वीन'चं 'एम्प्रेस' झालं. १९०३ ते १९१० सातवा एडवर्ड, बोडक्या डोक्याचा. या काळातली बरीच सालं भरपूर मिळतात.

मग १९११ चा प्रसिद्ध रुपया. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या झग्यावर एक हत्ती कोरलेला आहे, त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोभाटा झाला, मुसलमान समाजात नाराजी पसरली. सरकारने तो रुपया मागे घेतला आणि १९१२ मध्ये सोंड आणि कान नीट दिसतील असा नवा ठसा केला. सुमारे ९४ लाख पाडले होते, बाहेर पडले होते सातेक लाख, उरलेले वितळवले गेले. गोष्ट इतकी रंगतदार आहे की बाजारात 'डुकराचा रुपया' म्हणून त्याचा गवगवा होतो. त्याला इतर सालांपेक्षा जास्त किंमत येते हे खरं. पण सात लाख ही काही लहान संख्या नव्हे. गोष्टीची प्रसिद्धी आणि नाण्याची दुर्मीळता यांचं प्रमाण नेहमी जुळतंच असं नाही.

उलट उदाहरण १९१८ ते १९२० चं. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी टंचाईत आली की १९१७ च्या शेवटी सरकारने एक रुपयाची नोट काढली. तरी लोकांना हातात रुपयाच हवा होता. शेवटी अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानच्या रुपयांसाठी. तेव्हा तुमच्या डब्यातला १९१९ चा रुपया एके काळी अमेरिकेच्या तिजोरीतला डॉलर असण्याची बरीच शक्यता आहे. इतिहास म्हणून सुंदर. दुर्मीळ मात्र नाही, कारण असे रुपये कोट्यवधी पडले. मुंबईचा रुपया ओळखायचा तर मागच्या बाजूला कमळाच्या फुलाखाली बारीक उठावाचा ठिपका शोधा. कोलकात्याच्या रुपयावर तो नसतो.

आता तो १९३९ चा. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि लोकांनी चांदीचे रुपये दाबून ठेवायला सुरुवात केली. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४० ते १९४३ या काळात जुने, जास्त चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. १९३९ चा रुपया हा जुन्या प्रमाणाचा शेवटचा, फक्त मुंबईत पाडलेला. जे पडले त्यातले फारच थोडे शिल्लक राहिले.

अर्थात जिथे दुर्मीळता तिथे कारागिरी! १९३८ चा रुपया सहज मिळतो, आणि इंग्रजी ८ चा ९ करायला खालच्या वर्तुळाची डावी बाजू कोरून काढली की झालं. म्हणून कोणी १९३९ चा रुपया दाखवला तर भिंगाखाली आधी शेवटचा अंक बघा. त्याच्याभोवतीचं पटांगण बाकी पटांगणासारखंच आहे का? तिथे बारीक रेघा, खोलगटपणा किंवा वेगळी चमक आहे का? नऊची शेपूट शेजारच्या ९ शी, म्हणजे एकोणीसच्या नऊशी, जुळते का? मग कड बघा. १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयांना नकली नाणी रोखण्यासाठी कडेत मधोमध खोबण आणि तीत नक्षी केली होती. १९३९ च्या रुपयाला नुसत्या उभ्या रेघा. कडेला खोबण दिसली तर तो १९३९ चा असूच शकत नाही, समोर काहीही लिहिलेलं असो. आणि शेवटी पाणी. निम्म्या चांदीच्या रुपयाची घनता साडेनऊच्या आसपास येते, याची १०.३ यायला हवी. सगळ्या चाचण्यांत उतरला तरीही असा रुपया विकत घेताना आम्ही तिसऱ्या, जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका असंच सांगू.

एका श्रोत्याने मध्येच विचारलं, की मग फारसी अक्षरांच्या नाण्यांचं काय, ती तर मोगलांची. तिथेच चूक होते. अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळी मोगल बादशहाच्या नावाने फारसीतच रुपये पाडत. व्यापाऱ्यांचा विश्वास त्या नावावर होता, ते बदलून आपल्याच नाण्याला बट्टा लावून कोण घेईल? पुण्याच्या रुपयावर बादशहाचं नाव आहे, पण सोबत अंकुशाची खूण आहे. त्यालाच अंकुशी रुपया म्हणत. तेव्हा फारसी दिसलं की मोगल ठरवून मोकळं न होता अक्षरांमधली चिन्हं शोधायची : अंकुश, फूल, त्रिशूळ, नागरी 'श्री'. ही नाणी हाताने पाडलेली. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे मजकुराचा एखादा तुकडाच उमटतो. टांकसाळीचं नाव आणि साल दोन्ही नाण्यावर आलं असेल, तर तेच नाणं कितीतरी जास्त मोलाचं.

शिवराईचंही तसंच. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तांब्याची ही नाणी महाराजांनंतरही कितीतरी काळ, वेगवेगळ्या टांकसाळींतून पडत राहिली. त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. अक्षरांची वळणं, ओळींमधल्या रेघा, ठिपके यांवरून प्रकार ठरतात आणि त्यावर किंमत. सोन्याच्या शिवकालीन होनाची गोष्ट वेगळी. तो जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, आणि खरे होन हाताच्या बोटांवर मोजावे इतके विरळ. कोणी रुमालातून होन काढून दाखवला, तर तो नकली आहे असं धरूनच तपासायला लागा.

काही वस्तू तर नाणीच नाहीत. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, यूकेएल वन आणा' आणि १६१६, १७१७, १८१८ असं काहीतरी साल. कंपनीने अशी नाणी कधीही काढली नाहीत. देवळांबाहेर विकायला केलेल्या या चकत्या आहेत. रामटंका नावाच्या जुन्या पूजेच्या मुद्रा असतात, त्या खऱ्या, पण त्या चलन नव्हेत आणि त्यांच्यावर कंपनीचं नाव नसतं. याच पितळी चकत्यांना 'राइस पुलर' म्हणून विकणाऱ्या टोळ्या आहेत. नाणं तांदूळ ओढतं, त्यात इरिडियम आहे, परदेशातली संस्था कोट्यवधी देणार आहे, फक्त आधी चाचणीचा खर्च भरा! तांदूळ ओढला जातो तो दाण्यात लपवलेल्या लोखंडामुळे. यात शेतकरी फसले, निवृत्त अधिकारी फसले, शिकलेली माणसं फसली. भागीदार जमवून, जमीन गहाण टाकून पैसे भरलेली माणसं आहेत, म्हणून हे जरा कडक शब्दांत सांगतो आहोत. विकणाऱ्याने पैसे द्यायचे असतील तर तो सौदा नाही.

स्वतंत्र भारताची नाणी पटकन पाहू. सालाखाली चौकट, म्हणजे हिऱ्याचा आकार, ती मुंबई. पाच टोकांचा तारा हैदराबाद. गोल ठिपका नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ च्या काही नाण्यांवर सालाखाली 'एच' दिसतो, ती इंग्लंडात हीटनकडून पाडून आणलेली. यातल्या बहुतेकांना दर्शनी किमतीपेक्षा फारसं जास्त येत नाही. काही साल-टांकसाळीच्या जोड्या कमी निघाल्या, त्यांना शेकड्यांत, क्वचित हजारांत मागणी असते. ठसा सरकलेली चुकीची नाणीही लोक गोळा करतात. मात्र वाइसमध्ये धरून मुद्दाम बिघडवलेली नाणीही विकायला येतात. चूक टांकसाळीत व्हायला हवी, गॅरेजमध्ये नव्हे.

राहिली झीज. एकाच सालाच्या, एकाच टांकसाळीच्या दोन रुपयांत दहापट फरक पडतो तो झिजेमुळे. नाण्यावर सर्वांत उंच भाग आधी झिजतो. राणीच्या रुपयावर गाल, कानाजवळचे केस आणि पोशाखावरची वेलबुट्टी बघा. जॉर्जच्या रुपयावर मुकुटाची मधली पट्टी, कान, मिशी. ही जागा सपाट होऊन चकाकत असेल तर नाणं बरंच फिरलेलं आहे. अजिबात न वापरलेल्या नाण्यावर टांकसाळीची मूळ झळाळी असते. एका दिव्याखाली ते सावकाश फिरवलं की प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरताना दिसतात. ठसा दाबताना धातू मधून कडेकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघांमुळे हे होतं. पॉलिश केलेल्या नाण्यावर चकाकी येते, आरे येत नाहीत.

आणि म्हणूनच नाणी घासू नका! चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, सराफाचं ॲसिड, काहीही नको. काळसर पडलेली चांदी हे वयाचं लक्षण आहे, घाण नव्हे. दिवाळीला ताटात मांडायचे रुपये घरातल्या बाईने प्रेमाने लख्ख केलेले असतात, आणि त्याच वेळी त्यांची किंमत उतरलेली असते. पूजेसाठी दोन वेगळे काढून ठेवा, ते हवे तेवढे घासा. कडी लावून गळ्यात घातलेल्या मोहोरा, गिन्या, पुतळ्या यांचंही तेच. डाग दिलेलं नाणं दागिना म्हणून छान, पण संग्राहकासाठी जखमी. गिनीवरून आठवलं. १९१८ च्या गिनीवर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या रेघेत इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असेल तर ती मुंबईत पाडलेली ब्रिटिश गिनी आहे. त्याच वर्षी १५ रुपयांची मोहोरही मुंबईत पडली. घरी असतील तर निदान मोड घालण्याआधी एकदा बघून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. शेतात, पाया खणताना नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची आपोआप होत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. हक्काचा मालक नसेल आणि ठेवा बेवारस ठरला तर सापडणाऱ्यालाही कायद्याने वाटा आहे, त्यामुळे लपवण्याचं कारण नाही. सापडलेलं मडकं तसंच ठेवा, नाणी वाटून घेऊ नका. जोगळटेंभीचा साठा दहा घरांत वाटला गेला असता तर नहपान-गौतमीपुत्राचा तो पुरावाही पांगला असता. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेता येत नाहीत. मुलाकडे अमेरिकेला जाताना राणीछाप रुपये पर्समधून नेऊ नका.

नाणी प्रत्यक्ष बघायची असतील तर मुंबईत रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभारलेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. पाच खरी नाणी लक्षपूर्वक पाहिली की नकली नाणं नजरेला खुपायला लागतं, ते पन्नास फोटो पाहून होत नाही.

शेवटी आलेला एक प्रश्न घेतो : ठेवायची कशात? मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नको. ते प्लास्टिक काही वर्षांनी चिकट होतं आणि तांबं असलेल्या नाण्यांवर हिरवट थर आणतं. प्रत्येक नाणं वेगळ्या, आम्लरहित कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर आधी लिहून मगच नाणं आत घाला : साल, टांकसाळ, वजन, आणि ते घरात कोणाकडून आलं. धरताना कडेला धरा, तोंडावर बोट नको. डबा कोरड्या जागी ठेवा. देवघरात तेलवातीजवळ नको, आणि मोरीला लागून असलेल्या भिंतीतल्या कपाटात तर नकोच.